जर्मन जोडीदाराला घेऊन निवृत्तीआधीच भारतात परतताय? त्याच्या पेन्शनचं काय करायचं

जर्मनीतल्या मराठी गणपतीत आरती, मोदक आणि पार्किंगची तक्रार झाली की हा विषय निघतोच: परत जाताना पेन्शनचे पैसे काढून घेता येतात का? याचं उत्तर पासपोर्टवर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल, पाच वर्षांपेक्षा कमी भरणा असेल आणि युरोपीय संघाबाहेर राहायला जात असाल, तर शेवटच्या भरण्यानंतर २४ महिने थांबून स्वतःच्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. मालकाने भरलेला अर्धा वाटा तिथेच राहतो. जर्मन पासपोर्ट असलेल्या जोडीदाराला मात्र ही वाट बंद आहे. जर्मन नागरिकाला जगात कुठेही राहून स्वखुशीने भरणा चालू ठेवता येतो आणि ज्याला तो हक्क आहे त्याला पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे ऑफिसातल्या कुणी सात-आठ हजार युरो काढून नेले, ही गोष्ट ऐकून घरच्या जर्मन माणसाच्या नावाने अर्ज करत बसू नका.

पैसे निघत नाहीत, तसे बुडतही नाहीत. माझा नवरा जर्मन आहे. त्याची पन्नाशी उलटायच्या आतच आम्ही पुण्याला आलो. तेव्हापासून असे बरेच संसार जवळून पाहिले. म्हातारपणच्या पेन्शनची काळजी सगळे करतात आणि ती बहुतेक जागच्या जागी असते. जे खरोखर हातचं जातं, त्याकडे निघायच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं. म्हणून कामं ज्या क्रमाने करावीत, त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: नोंदवही तिथे असतानाच साफ करून घ्या

जर्मनीतली सरकारी पेन्शन संस्था म्हणजे डॉइच रेन्टेनफेरझिशेरुंग. पगाराच्या १८.६ टक्के रक्कम तिथे जाते, अर्धी नोकराची, अर्धी मालकाची. बारा अक्षरांचा एक विमा क्रमांक असतो. त्यात मधोमध जन्मतारीख आणि त्यापुढे जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर तुमच्या बायकोने कुलकर्णी लावलं असलं, तरी क्रमांकात माहेरचंच अक्षर राहणार. कागदावर वेगळं अक्षर दिसलं म्हणून घाबरू नका.

या संस्थेकडून ‘फेरझिशेरुंग्सफेरलाउफ’ मागवा. कुठून कुठपर्यंत नोकरी केली, किती पगारावर भरणा झाला, किती महिने धरले, अशा ओळी एकाखाली एक असतात. रिकामी जागा त्यात ठळक दिसत नाही. एक ओळ जूनमध्ये संपते, पुढची ऑक्टोबरला सुरू होते, मधल्या तीन महिन्यांबद्दल कागद गप्प. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीची शेवटची तारीख पुढच्या ओळीच्या पहिल्या तारखेशी जुळवत जा. माझ्या नवऱ्याच्या कागदात विद्यापीठाची वर्षं गायब होती. संस्थेला ती आपोआप कळत नाहीत, दाखला पाठवावा लागतो. सतराव्या वर्षानंतरच्या शिक्षणाची जास्तीत जास्त आठ वर्षं नोंदीत धरली जातात. त्याने पेन्शनची रक्कम सहसा वाढत नाही, पण लवकर पेन्शन घेण्यासाठी जी ३५ वर्षांची अट आहे (ती तिसऱ्या पायरीत सांगते), ती मोजताना ही वर्षं उपयोगी पडतात. पुरुषांनी लष्करी सेवेऐवजी केलेली नागरी सेवा (ही सक्ती २०११ मध्ये थांबली) भरण्याचा काळ म्हणून धरली जाते. ती नोंद आहे का बघा.

काही राहिलं असेल तर ‘कॉन्टेनक्लेरुंग’चा, म्हणजे खातं स्पष्ट करून घेण्याचा अर्ज करायचा. फॉर्म व्ही ०१००. विद्यापीठ, जुना मालक, बंद पडलेली कंपनी यांच्यामागे लागणं जर्मनीत बसून जमतं. कोथरूडमधून तेच करायला ईमेलची रांग लागते आणि उत्तर येतं ते जुन्या पत्त्यावर, कागदी पत्राने. संस्थेची सल्ला केंद्रं गावोगावी आहेत, फुकट आहेत आणि बहुतेक ठिकाणी नीट वेळ देतात. निघायच्या किमान सहा महिने आधी तिथे दोघांनी मिळून जा.

याच खेपेत आणखी एक काम. जर्मन ओळखपत्राची ऑनलाइन सोय चालू आहे ना आणि तिचा सहा आकडी पिन आठवतो ना, हे तपासा. पुण्यात बसून पेन्शन खातं बघायला, पत्ता बदलायला हाच पिन लागतो. विसरलेला पिन तिथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात काही मिनिटांत बदलून मिळतो. इथून त्यासाठी वकिलातीची वारी करावी लागते.

दुसरी पायरी: मुलांची वर्षं कुणाच्या नावावर आहेत?

हा भाग मराठी घरांत सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो आणि पैसे तर इथेच आहेत. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, त्याला जर्मनीत वाढवणाऱ्या पालकाच्या खात्यात तीन वर्षांचा भरणा सरकार स्वतः जमा धरतं, तोही साधारण सरासरी पगाराच्या हिशोबाने. नोकरी केलेली असायची गरज नाही. पालक जर्मनच असायला हवा असंही नाही.

म्हणजे बघा, नवरा जर्मन, बायको मराठी. बायको तिथे दोन मुलांचं करत घरी राहिली, पगाराची एक पावती तिच्या नावावर नाही. तरी तिच्या खात्यात ७२ महिने येऊ शकतात. पेन्शनचा हक्क लागतो ६० महिन्यांना. म्हणजे तिची स्वतःची जर्मन पेन्शन उभी राहते. १ जुलै २०२५ पासूनच्या दराने ती महिन्याला सुमारे २४५ युरो होते. ‘मी कुठे नोकरी केली’ म्हणून आपल्या बायका हा अर्जच करत नाहीत. फॉर्म व्ही ०८००, सोबत मुलांचे जन्मदाखले.

इथे तीन सावधगिऱ्या आहेत. जर्मनी सोडून भारतात राहायला आलात की ही मोजणी तिथेच थांबते. मूल एक वर्षाचं असताना निघालात तर एकच वर्ष मिळणार. दुसरं असं की पालकांनी काही कळवलं नसेल तर वर्षं सहसा आईच्या नावे जातात. वडिलांच्या नावे हवी असतील तर दोघांच्या सहीने आधी सांगावं लागतं, मागच्या फार तर दोन महिन्यांपुरतं ते लागू होतं. तिसरी सावधगिरी सगळ्यात महत्त्वाची. मराठी जोडीदाराने थोडीफार नोकरी केली असेल आणि तो भरणा परत मागितला, तर त्याच्या खात्यातले आधीचे सगळे हक्क संपतात. मुलांची वर्षंही त्यात गेली. चार-पाच हजार युरोंसाठी जन्मभराची पेन्शन पुसली जाते. परताव्याच्या अर्जावर सही करण्याआधी मुलांची वर्षं मोजा.

तिसरी पायरी: किती मिळणार ते कागदावर मांडा

हिशोब सोपा आहे. वर्षभर सरासरी पगारावर भरणा झाला की एक गुण. २०२५ साठी ही सरासरी ५०,४९३ युरो धरली आहे. पगार त्याच्या दीडपट असेल तर दीड गुण. १ जुलै २०२५ ला ठरलेल्या दराने एका गुणाला महिन्याला ४०.७९ युरो होतात आणि हा दर दर जुलैला नव्याने ठरतो. चौदा वर्षं सरासरी पगारावर काढली असतील तर त्या दराने महिन्याला सुमारे ५७१ युरो. निघून गेल्यावर गुण आहेत तेवढेच राहतात, पण दर वाढला की त्यांचीही किंमत वाढते. आपल्या मुदत ठेवीसारखं ते गोठत नाही. १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळते.

आता ६० महिने भरले नसतील तर काय? दोन वाटा आहेत. पहिली, उरलेले महिने स्वखुशीने भरणं. २०२५ मध्ये त्याचा किमान हप्ता १०३.४२ युरो होता, कमाल १,४९७.३० युरो. त्या वर्षाचा भरणा पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत करायचा असतो. समजा बारा महिने कमी पडत आहेत, तर त्या किमान हप्त्याने साडेबाराशे युरोंत कायमचा हक्क पदरात पडतो. हे जरूर करावं.

साठ महिने आधीच भरले असतील तर किमान हप्ता भरत राहण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. २०२५ च्या आकड्यांनी वर्षाला १,२४१ युरो भरून महिन्याची पेन्शन साधारण ५ युरो ४० सेंटने वाढते. पैसे वसूल व्हायला एकोणीस वर्षं पेन्शन खावी लागेल, म्हणजे वयाच्या शहाऐंशीपर्यंत. माझ्या सासूबाईंच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात, त्यांना चालेल. ३५ वर्षांच्या अटीपासून दोन-चार वर्षंच दूर असाल तर मात्र विचार करा. ती अट पूर्ण झाली की ६३ व्या वर्षापासून, दर महिन्याला ०.३ टक्के कपात सोसून, पेन्शन घेता येते.

दुसरी वाट भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराची. तो १ मे २०१७ पासून लागू आहे. दोन्ही देशांतला विम्याचा काळ एकत्र मोजून हक्क ठरवता येतो. रक्कम मात्र प्रत्येक देश आपापल्या काळापुरतीच देतो. त्यासाठी जोडीदार भारतात नोकरी करून इथल्या योजनेत असायला हवा आणि इथे एक खोच आहे, ती पुढे सांगते.

चौथी पायरी: जे खरंच तुटतं

पहिलं म्हणजे आजारपणाने किंवा अपघाताने काम करण्याची ताकद गेल्यास मिळणारी पेन्शन. तिची अट अशी: घटनेच्या आधीच्या पाच वर्षांत तीन वर्षं सक्तीचा भरणा झालेला हवा. नोकरी सोडून भारतात आलात की साधारण दोन वर्षांत हे संरक्षण संपतं. स्वखुशीचा भरणा इथे कामाला येत नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाला ६७ व्या वर्षाच्या पेन्शनपेक्षा हा धोका जवळचा आहे. जोडीदाराची काम करण्याची क्षमता गमावल्याची खासगी विमा पॉलिसी असेल तर ती घाईने बंद करू नका. तिच्या अटींत जर्मनीबाहेर, युरोपबाहेर संरक्षण चालू राहतं का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

दुसरं, आरोग्य विमा. पत्त्याची नोंद रद्द केली (आबमेल्डुंग) आणि नोकरी संपली की सरकारी आरोग्य विमा सुटतो. भारतात त्याचा उपयोगही नव्हता, पण म्हातारपणी परत जायचा विचार असेल तर उपयोग आहे. पेन्शनरांसाठीच्या स्वस्त आरोग्य विम्यात शिरायला, पहिल्या नोकरीपासून पेन्शनच्या अर्जापर्यंतच्या काळाचा जो दुसरा अर्धा भाग, त्यातला नऊ-दशांश काळ सरकारी विम्यात काढलेला लागतो. वीस वर्षं भारतात राहिलेला माणूस त्यात बसत नाही. प्रत्येक मुलामागे तीन वर्षांची सूट मिळते, तेवढ्याने काही जण वाचतात. न बसणाऱ्याला तिथे विमा मिळतो, पण हप्ता फक्त पेन्शनवर नव्हे, इतर उत्पन्नावरही मोजला जातो. म्हणून ‘सत्तरीत परत जाऊ’ असं ठरवणाऱ्यांनी आत्ताच आपल्या विमा कंपनीला विचारून, वर्षं मोजून, उत्तर लेखी घ्यावं. आणि पुण्यात उतरल्यावर इथला आरोग्य विमा पहिल्या महिन्यात काढावा. आधीपासूनच्या आजारांसाठी इथे तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पाचवी पायरी: सरकारी पेन्शनबाहेरचं

रीस्टर योजना (सरकारी अनुदान मिळणारी खासगी पेन्शन बचत) असेल तर जपून. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर राहायला गेलात की सरकारने दिलेलं अनुदान आणि करसवलत परत मागितली जाते. अर्ज केला तर ही वसुली पेन्शन सुरू होईपर्यंत पुढे ढकलता येते. हा अर्ज निघण्याआधीच करून ठेवा. र्‍युरुप या दुसऱ्या खासगी पेन्शन योजनेत अशी वसुली नाही, पण तिचे पैसे मधे काढताही येत नाहीत. हप्ता बंद करून ती तशीच ठेवावी.

कंपनीची पेन्शन असेल तर तिचा हक्क पक्का झाला आहे का, ते मालकाकडून पत्रावर लिहून घ्या. २०१८ नंतर दिलेल्या वचनाला तीन वर्षं आणि वय किमान २१ पुरतं. पगारातून स्वतः कापून भरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून तुमचा.

जोडीदार सरकारी अधिकारी असेल, आणि जर्मनीत पुष्कळ शिक्षक तसेच असतात, तर राजीनामा देण्याआधी थांबा. स्वतःहून नोकरी सोडली की अधिकाऱ्यांची खास, मोठी पेन्शन जाते आणि त्या वर्षांचा भरणा मागून साध्या सरकारी पेन्शनमध्ये केला जातो. फरक फार मोठा पडतो. केंद्र सरकारच्या आणि काही राज्यांच्या नोकरीत त्याऐवजी वेगळा निवृत्तिभत्ता मिळतो, काहींत नाही. बिनपगारी रजा मिळत असेल तर तिची अट आधी बघा. या एका बाबतीत मी म्हणेन, पैसे देऊन वकील गाठा.

सहावी पायरी: भारतात उतरल्यावर

जर्मन कंपनीनेच चाकणला पाठवलं असेल तर करारानुसार ४८ महिन्यांपर्यंत जर्मनीतच भरणा चालू राहू शकतो आणि इथला पीएफ टळतो. त्यासाठी जर्मनीतून प्रमाणपत्र आणावं लागतं. ते मिळालं की वर सांगितलेलं तुटण्याचं बरंचसं प्रकरण पुढे ढकललं जातं. त्यामुळे शक्य असेल तर थेट भारतीय नोकरी धरण्यापेक्षा असं येणं चांगलं.

थेट भारतीय कंपनीत लागल्यास परदेशी नागरिक पीएफच्या भाषेत ‘इंटरनॅशनल वर्कर’ होतो. पीएफ कापताना धरायच्या पगाराची १५,००० रुपयांची मर्यादा त्याला लागत नाही, पूर्ण पगारावर कपात होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही तरतूद रद्द ठरवली आणि वाद अजून चालू आहे. मघाशी म्हटलेली खोच अशी: पीएफ कापला जातो म्हणजे ईपीएस ही पेन्शन योजना असतेच असं नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर नव्याने आलेल्या आणि १५,००० च्या वर पगार असलेल्यांना तिच्यात सहसा घेत नाहीत. काळ एकत्र मोजण्यावर भिस्त ठेवली असेल तर कंपनीच्या एचआरला पगाराच्या पहिल्या महिन्यातच हे विचारा आणि पासबुकात ईपीएसचा वेगळा आकडा येतो का, ते स्वतः बघा.

करांचं थोडक्यात. कधीच भारतात न राहिलेला जोडीदार सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ या गटात मोडतो. तेव्हा त्याच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर नाही. पुढे पूर्ण निवासी झाल्यावर जर्मनीतलं बँक खातं, फंड, पॉलिसी हे सगळं विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, त्यात उत्पन्न नसलं तरी. परदेशी असताना जमवलेला पैसा तिथे ठेवायला फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, आडकाठी नाही, लपवायला मात्र आहे. पेन्शन चालू झाल्यावर जर्मनीकडून पत्र येतं ते बहुधा नॉयब्रांडेनबुर्गच्या कर कार्यालयाचं. परदेशातल्या पेन्शनरांचं काम तिथे चालतं. दुहेरी कर टाळण्याचा करार वाचलेला सीए तोपर्यंत शोधून ठेवा, सोसायटीतला नेहमीचा चालणार नाही.

शेवटची पायरी: पेन्शन सुरू करणं आणि चालू ठेवणं

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. पात्र होण्याच्या तीनेक महिने आधी अर्ज करा. पात्र झाल्यावर तीन महिन्यांत अर्ज पोचला तर सुरुवातीपासूनचे पैसे मिळतात, त्यानंतर पोचला तर अर्जाच्या महिन्यापासून. करारामुळे भारतातल्या पीएफ कार्यालयात दिलेला अर्जही चालतो. थेट जर्मनीला पाठवलेला लवकर हलतो असा माझा अंदाज आहे. पैसे भारतीय खात्यात घेता येतात. जर्मन खातं ठेवायचं असेल तर बँक भारतातला पत्ता स्वीकारते का, ते निघण्याआधी विचारून ठेवा.

दरवर्षी हयातीचा दाखला मागवला जातो, लेबेन्सबेशायनिगुंग. साधारण वर्षाच्या मध्यावर टपालाने फॉर्म येतो. भरून, शिक्का घेऊन वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. पत्ता बदलला की कळवायचं, भाड्याचं घर बदललं तरी.

आणि लग्नाचा दाखला. जर्मन जोडीदार आधी गेला आणि लग्नाला किमान एक वर्ष झालेलं असेल, तर मागे राहिलेल्या भारतीय जोडीदाराला भारतात बसून विधवा किंवा विधुर पेन्शन मिळू शकते. तिचे लहान आणि मोठी असे दोन प्रकार आहेत; मोठी पेन्शन जोडीदाराच्या पेन्शनच्या ५५ टक्के असते, स्वतःचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्यातून कपात होते. अडचण कागदांची येते. भारतीय दाखल्यावरचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) जर्मनी मानत नाही, गरज पडल्यास वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी होते आणि तिला महिने लागतात. लग्न भारतात झालं असेल तर त्याची नोंद जर्मनीतल्या नोंदणी कार्यालयात करून तिथला दाखला आताच काढा, दोन-तीन प्रती जास्त घ्या. या पेन्शनचा अर्ज उशिरा केला तरी मागचे जास्तीत जास्त बारा महिने मिळतात, त्याआधीचे नाहीत. म्हणून तो विमा क्रमांक आणि हा दाखला कुठल्या फाइलमध्ये आहे, ते मुलांनाही सांगून ठेवा.